यंत्र चालू, पडदा काळा



तालुक्याच्या गावी संगणक-दुरुस्तीच्या एखाद्या दुकानात घटकाभर बसून पाहा. एक वाक्य तुमच्या कानावर हटकून पडेल : 'डिस्प्ले येत नाही.' बटण दाबलं, आतला पंखा घरघरला, पुढचा इवलासा दिवाही लागला. पण पडदा काळा तो काळाच. सांगणारे बहुधा एखादे गुरुजी असतात. शाळेतला संगणक पोत्यात गुंडाळून, मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये धरून त्यांनी आणलेला असतो. मग दुकानदार म्हणेल ते खरं. 'मदरबोर्ड गेला' म्हटलं की गेला. 'फॉरमॅट मारावा लागेल' म्हटलं की मारला. आणि त्या फॉरमॅटबरोबर पाच वर्षांची निकालपत्रकं, शिष्यवृत्तीच्या याद्या, स्नेहसंमेलनाचे फोटो, सगळं पुसलं जातं. ज्या यंत्रांच्या नशिबी दुकानाची वारीही नसते, ती शाळेच्या कोपऱ्यात कापड पांघरून बसतात. आणि एक दिवस डेडस्टॉक रजिस्टरात त्यांच्या नावापुढं 'नादुरुस्त' असा शेरा पडतो. मुलांच्या वाट्याला आलेला एकुलता एक संगणक असा हातचा जातो.

वास्तविक पडदा काळा आहे एवढ्यावरून यंत्र मेलं असं ठरत नाही. ते आपल्याशी बोलत नाही, इतकंच ठरतं. का बोलत नाही हे शोधायचं तर स्वतःला एकच प्रश्न विचारायचा : चित्र कुठपर्यंत आलं, आणि कुठं थांबलं? आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते या एका प्रश्नाविषयी.

मी काही इंजिनिअर नव्हे. कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो. पण या कामाला लागते ती बरीचशी तर्कशास्त्राचीच रीत, म्हणजे एकेक शक्यता तपासून बाजूला काढीत जायचं. शेतकरी श्रोत्यांना ही रीत मी शिकवायला नको. विहिरीवरची मोटार चालू आहे आणि पाइपातून पाणी येत नाही, म्हणून कुणी दुसरी विहीर खणायला घेत नाही. स्टार्टरला तिन्ही फेज येताहेत का, मोटार उलटी तर फिरत नाही ना, फूटव्हॉल्व्हमध्ये पाला अडकला आहे का, पाइपात हवा धरली आहे का, असं आपण क्रमानं पाहतो. संगणकाचंही नेमकं तसंच आहे. फरक एवढाच, की पाणी कोणत्या वाटेनं येतं हे आपल्याला ठाऊक असतं, आणि चित्र कोणत्या वाटेनं येतं हे आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं.

तेव्हा ती वाट आधी पाहू. ज्या डब्याला आपण सगळे सरसकट 'सीपीयू' म्हणतो, त्या डब्यात मागच्या बाजूला विजेची एक पेटी असते. दुकानदार तिला एसएमपीएस म्हणतात. भिंतीतून येणाऱ्या २३० व्होल्टचे ती १२, ५ आणि ३.३ व्होल्ट असे लहान हिस्से करते, आणि हिस्से स्थिर झाले की मदरबोर्डला 'हं, आता चालू द्या' अशी खूण करते. मग प्रोसेसर जागा होतो. त्या वेळी त्याला काहीही आठवत नसतं. विंडोज म्हणजे काय हेही ठाऊक नसतं. मदरबोर्डवरच्या एका लहान चिपमध्ये एक छोटा कार्यक्रम कायमचा लिहून ठेवलेला असतो. पूर्वी त्याला बायॉस म्हणत, आता नव्या यंत्रांत त्याच्या जागी यूईएफआय आला. तो कार्यक्रम हजेरी घेतो : रॅम आहे का, पडद्याला चित्र पुरवणारी व्यवस्था आहे का, की-बोर्ड आहे का. ही हजेरी पुरती होईपर्यंत पडदा काळाच असायचा. त्यात वावगं काही नाही. हजेरी लागली की कंपनीचं नावचिन्ह पडद्यावर उमटतं. त्यानंतर डिस्क शोधली जाते आणि कारभार विंडोजच्या किंवा लिनक्सच्या हाती जातो. हे नवे कारभारी प्रथम चित्राची एक साधी, ओबडधोबड पण कुठल्याही यंत्रावर चालणारी सोय वापरतात. नंतर त्या यंत्रातल्या चित्राच्या चिपसाठी खास बनवलेला एक दुभाषी बोलावतात. त्याचं नाव ड्रायव्हर. दुभाषी कामाला लागला की पडदा क्षणभर मिचकावतो, आणि मग आपली ओळखीची खिडकी दिसते.

आता या वाटेवर कुठल्या ठाण्यावर चित्र अडकलं, ते ओळखायचं.

सगळ्यांत आधी पडद्याची स्वतःची चौकशी करा. मॉनिटर हे वेगळं यंत्र आहे. त्याला वेगळी वीज लागते, त्याला वेगळं बटण असतं, आणि शाळेत मुलांच्या हाताला ते बटण लागतंच. दिवा मुळीच लागत नसेल तर वायर, प्लग आणि एक्स्टेंशन बोर्ड पाहा. दिवा लागतो आणि पडद्यावर 'नो सिग्नल' अशी इंग्रजी अक्षरं क्षणभर येऊन जातात, तर मॉनिटर चांगला आहे. तो प्रामाणिकपणे सांगतो आहे, की मी जागा आहे, पण माझ्याकडं कुणी काही धाडलेलं नाही. खात्री करायची असेल तर डब्याकडून येणारी केबल मॉनिटरच्या मागून काढून टाका आणि मॉनिटर एकटाच चालू करा. तरी तो अशी अक्षरं दाखवत असेल, तर त्याचं नाव संशयितांच्या यादीतून खोडून टाका.

मग केबल. जुन्या मॉनिटरची निळ्या तोंडाची केबल तुम्ही पाहिली असेल. तिला व्हीजीए म्हणतात. आयबीएम कंपनीनं १९८७ साली ती आणली, आणि इतकी वर्षं झाली तरी आपल्या शाळांतून ती अजून नांदते आहे. तिच्या तोंडात तीन ओळींत पंधरा पिना असतात. एखाद्या केबलमध्ये मधल्या ओळीतली एक पीन नसतेच. ती मोडलेली नव्हे, कारखान्यातूनच वगळलेली असते. वाकलेली पीन मात्र घातक. लाल, हिरवा आणि निळा या तीन रंगांसाठी तीन वेगळ्या पिना आहेत. निळ्याची गेली की पांढरा कागद पिवळा दिसतो, लाल गेली की आकाशी, आणि हिरवी गेली की जांभळट गुलाबी. असा रंगीत पडदा दिसला तर मॉनिटर विकायला काढू नका. केबलचे दोन्ही स्क्रू सोडून पिना पाहा, दुसरी केबल लावून पाहा.

याच ठिकाणी आणखी एक गंमत होते. काही डब्यांत चित्रासाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलेलं असतं. अशा डब्याला पाठीमागं मॉनिटरची केबल लावायच्या दोन जागा असतात : एक वर, की-बोर्ड-माऊसच्या शेजारी, दुसरी खाली, आडव्या पट्टीवर. कार्ड असेल तर केबल खालच्या जागी लागायला हवी, कारण कार्ड बसवल्यावर वरची जागा पुष्कळदा मुकी होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत रंगरंगोटीसाठी संगणक हलवले जातात, जूनमध्ये कुणीतरी केबला पुन्हा जोडतं, आणि वरची जागा मोकळी दिसली म्हणून केबल तिथं जाते. यंत्र धडधाकट, केबल धडधाकट, पडदा काळा! तसंच वर्गात प्रोजेक्टर किंवा मोठा टीव्ही जोडलेला असेल तर आधी त्याची केबल काढून ठेवा. चित्र नाहीसं झालेलं नसतं; ते शेजारच्या खोलीत बंद टीव्हीवर जाऊन बसलेलं असतं.

हे सगळं ठीक आहे, आणि तरीही सुरुवातीपासून पडदा निखळ काळा आहे. कंपनीचं नावचिन्हसुद्धा नाही. अशा वेळी एक साधी परीक्षा करा. मिनिटभर थांबून की-बोर्डवरचं 'कॅप्स लॉक' हे बटण दाबा. बटणाबरोबर त्याचा छोटा दिवा लागत-विझत असेल, तर यंत्र आत जागं आहे आणि आपलं ऐकतं आहे. खोट चित्राच्या वाटेवर आहे. दिवा ढिम्म असेल तर हजेरीच पुरती झालेली नाही, आणि पहिला संशय घ्यायचा तो रॅमचा.

यंत्र कधीकधी हे आपल्या तोंडानं सांगतंही. पडदा सुरू होण्यापूर्वीच काही बिनसलं तर पडद्यावर लिहून कसं सांगणार? म्हणून शिट्टी. आयबीएमनं १९८१ च्या ऑगस्टमध्ये आपला पहिला पीसी बाजारात आणला, तेव्हापासून ही सोय आहे. त्या यंत्रात एक आखूड शिट्टी म्हणजे सर्व ठीक. एक लांब आणि पाठोपाठ दोन आखूड म्हणजे चित्राच्या कार्डात बिघाड. पुढं प्रत्येक कंपनीनं आपापली शिट्ट्यांची भाषा केली. त्यामुळं दुसऱ्याच्या यंत्राचा अर्थ आपल्या यंत्राला लावण्यात हशील नाही. शिट्ट्या किती, लांब किती, आखूड किती, एवढं कागदावर टिपून घ्या आणि मदरबोर्डच्या पुस्तिकेत पाहा. लॅपटॉपमध्ये शिट्टीऐवजी पुष्कळदा दिव्याची उघडझाप असते. तीही तशीच मोजायची. मात्र आताच्या अनेक डब्यांत शिट्टीचा भोंगाच बसवलेला नसतो. तेव्हा शिट्टी ऐकू आली नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. वर्गात मी मुलांना सांगतो, की पुरावा नसणं आणि पुरावा विरुद्ध असणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी मिळालेलं नाही.

रॅमचं काय होतं ते सांगतो, कारण आपल्या हवेत हा आजार फार. रॅम म्हणजे एक लहानशी पट्टी. तिच्या कडेला सोन्याचा पातळ मुलामा दिलेले संपर्क असतात, आणि ती मदरबोर्डवरच्या खाचेत नुसती दाबून बसवलेली असते. तिला डाग दिलेला नसतो की स्क्रू नसतो. यंत्र तापतं, निवतं. पट्टी अणुमात्र हलते. त्यात उन्हाळाभर धूळ बसते आणि जून लागला की त्या धुळीला ओल धरते. कोकणातल्या शाळांना हे मी सांगावं असं नाही. संपर्कावर कळेल न कळेल असा थर बसला की हजेरीत रॅम 'गैरहजर' ठरते, आणि हजेरी तिथंच थांबते. पट्टी काढायची, पुसायची आणि परत नीट बसवायची, एवढाच पुष्कळदा उपाय असतो. दुकानात जी 'दुरुस्ती' पाच मिनिटांत होते, ती बहुधा हीच.

पण डबा उघडण्यापूर्वी काही पथ्यं कटाक्षानं पाळा. भिंतीतला प्लग पूर्ण काढा; नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग काढल्यावर डब्याचं चालू करायचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलीसुरली वीज निघून जाईल. पट्टीला हात लावण्यापूर्वी डब्याच्या रंग नसलेल्या लोखंडी भागाला हात लावा. आपल्या अंगात साठलेली स्थिर वीज आपल्याला जाणवतही नाही, पण चिपला ती पुरते. आणि विजेची ती पेटी, एसएमपीएस, कधीही उघडू नका. तिच्यातल्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास दाब साठलेला असतो, आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ टिकतो. जुना, पाठीला कुबड असलेला काचेच्या नळीचा मॉनिटर अजून कुठं असेल तर त्याच्याही पोटात हात घालू नका. तिथं हजारो व्होल्टचा मामला असतो. मुलांना हे दाखवायचं असेल तर दुरून दाखवा.

आता पट्टी. तिच्या दोन्ही टोकांना चिमटे असतात. काही मदरबोर्डांवर एकाच टोकाला. चिमटे बाहेर ढकलले की पट्टी वर येते. तिला कडेला धरा. सोनेरी संपर्कांना बोट लावू नका. स्वच्छ, कोरड्या, मऊ कापडानं ते पुसा. दुकानदार खोडरबर वापरतात, आणि त्यानं काम होतं हे खरं. पण शाईचा खरखरीत खोडरबर सोन्याचा मुलामाच खरवडून काढतो. वापरायचाच झाला तर पांढरा, मऊ घ्या, हलक्या हातानं फिरवा आणि त्याचा भुगा खाचेत पडू देऊ नका. आयसोप्रोपाइल अल्कोहोल मिळालं तर सर्वांत उत्तम. पट्टीच्या कडेला जी खाच असते ती मुद्दाम मध्यावर नसते, म्हणजे पट्टी उलटी बसू नये. ती खाच जुळवून दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाब द्या; चिमटे आपणहून 'टक्' करून मिटले पाहिजेत. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहा. एकीनं चित्र आलं आणि दुसरीनं नाही आलं, तर चोर सापडला. मात्र नव्या डीडीआर-५ जातीच्या रॅमची यंत्रं पट्टी बदलल्यावर पहिल्या खेपेला काही मिनिटं अंधारातच रॅमशी जमवून घेत बसतात. तेवढा धीर धरा; मधेच बटण दाबून त्यांचा खोळंबा करू नका.

हे करूनही काळोख हटला नाही, तर मदरबोर्ड, प्रोसेसर किंवा विजेची पेटी यांचा संशय उरतो, आणि तिथं जाणकाराचा हात हवा. आपलं काम तिथवर पोचवण्याचं होतं.

आता दुसरी तऱ्हा पाहू. ही मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण विनाकारण फॉरमॅट होतं ते इथं. बटण दाबलं, कंपनीचं नावचिन्ह आलं, विंडोजचं चिन्हही आलं, गोल ठिपके फिरले, आणि मग काळोख. थोडा विचार करा. चिन्ह आलं, म्हणजे मॉनिटर चांगला, केबल चांगली, रॅम हजर आणि चित्राची व्यवस्था हजर. इतके साक्षीदार एका फटक्यात निर्दोष सुटले. उरला तो मुख्यतः दुभाषी, म्हणजे ड्रायव्हर. एखाद्या रात्री विंडोजनं आपली सुधारणा करून घेतली, जुना दुभाषी जाऊन नवा आला, आणि त्याची भाषा चिपला कळेना, असं होतं. किंवा कुणीतरी चित्राचा आकार मॉनिटरला झेपणार नाही इतका वाढवून ठेवला, तर मॉनिटर 'आउट ऑफ रेंज' असं सांगून डोळे मिटतो.

अशा वेळी पहिला उपाय अगदी सोपा. विंडोज १० आणि ११ मध्ये की-बोर्डवरची विंडोजची खूण, कंट्रोल आणि शिफ्ट ही तीन बटणं धरून ठेवायची आणि बी हे अक्षर दाबायचं. दुभाष्याला हाक मारून उठवल्यासारखं होतं. बारीकसा आवाज येतो, पडदा मिचकावतो, आणि कित्येकदा चित्र परत येतं. त्यानं भागलं नाही तर विंडोजची खूण धरून पी दाबा, म्हणजे चित्र कोणत्या पडद्यावर धाडायचं ते बदलता येतं. आणि काळ्या पडद्यावर माऊसचा बाण तेवढा फिरत असेल, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून 'टास्क मॅनेजर' येतो का पाहा. आला, तर त्यात नवा कार्यक्रम चालवायची सोय असते; तिथं 'एक्सप्लोरर' हा शब्द इंग्रजीत लिहून एन्टर दाबा. हरवलेली खिडकी पुष्कळदा परत येते.

याउपर हवा तो सेफ मोड. सेफ मोड म्हणजे काय? खास दुभाष्याला न बोलावता, ती जी साधी, ओबडधोबड सोय मी मघाशी सांगितली, तिच्यावरच विंडोज चालवायचं. तिथं चित्र दिसलं तर दोष दुभाष्याचा, हे जवळपास सिद्धच झालं. विंडोज ७ मध्ये सुरुवातीलाच एफ ८ दाबलं की हा मार्ग मिळे. नव्या विंडोजमध्ये, सुरू होता होता दोन-तीन वेळा खंड पडला की ते आपणहून दुरुस्तीचा पडदा पुढं करतं. तसा खंड मुद्दाम पाडण्यासाठी ठिपके फिरत असताना चालू करायचं बटण दाबून धरून यंत्र बंद करतात. एरवी हे कधी करू नये, पण इथं इलाज नाही. मग 'ट्रबलशूट', त्यात 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', त्यात 'स्टार्टअप सेटिंग्ज', आणि यंत्र पुन्हा सुरू झालं की यादीतला चौथा आकडा दाबायचा. तिसरा आकडा नुसता लहान आकाराच्या चित्रासाठी असतो. 'आउट ऑफ रेंज'वर तोच उपाय. आत गेल्यावर 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये 'डिस्प्ले अॅडॅप्टर्स' या नावाखाली तो दुभाषी सापडेल. 'रोल बॅक ड्रायव्हर' हे बटण जागं असेल तर ते दाबा, म्हणजे जुना दुभाषी परत कामावर रुजू होतो. एक सूचना : काही यंत्रं या वाटेवर ४८ आकड्यांची एक किल्ली मागतात. डिस्क कुलूपबंद केलेली असल्याची ती खूण. यंत्र पहिल्यांदा सुरू करताना ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याचा पत्ता दिला असेल, त्या खात्यात ती किल्ली असण्याचा संभव मोठा. ती आजच शोधून मुख्याध्यापकांच्या कपाटात लिहून ठेवा; अंधार झाल्यावर शोधणं कठीण.

उबुंटू किंवा बॉस यांसारखं लिनक्स असेल तर रीत वेगळी, तत्त्व तेच. सुरुवातीला एस्केप किंवा शिफ्ट दाबून यादी आणायची, पहिल्या ओळीवर असताना ई दाबायचं, आणि 'लिनक्स' या शब्दानं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी जागा सोडून नो, मोड आणि सेट हे तीन इंग्रजी शब्द लहान लिपीत, जोडून लिहायचे. मग एफ १०. खास चित्रव्यवस्था बाजूला ठेवून साधी वापर, असा त्याचा अर्थ. हा बदल त्या एका खेपेपुरताच टिकतो, त्यामुळं त्याची भीती बाळगायचं कारण नाही.

लॅपटॉपविषयी दोन शब्द. अंधाऱ्या खोलीत त्याच्या काळ्या पडद्यावर बॅटरीचा उजेड तिरका पाडून पाहा. आत पुसट अक्षरं दिसली तर चित्र आहे, मागचा उजेड तेवढा गेला आहे. चार्जर काढून आणि निघत असेल तर बॅटरीही काढून, चालू करायचं बटण अर्धा मिनिट दाबून धरणं हाही एक गुणकारी उपाय आहे.

आता ज्याला लोक 'डिस्प्ले गेला' म्हणतात पण जो वास्तविक गेलेला नसतो, तो प्रकार : पडद्यावर अक्षरं असतात, फक्त ती आपल्याला आवडणारी नसतात. काळ्यावर पांढऱ्या चार इंग्रजी ओळी दिसल्या की आपण घाबरून बटण बंद करतो. अहो, यंत्र बोलतं आहे; ऐका तरी! तारीख आणि वेळ चुकली आहे, एफ १ दाबा, अशा अर्थाचं काही असेल तर मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल संपला आहे. सीआर-२०३२ हे त्याचं नाव. तीन व्होल्टचा, घड्याळाच्या दुकानातसुद्धा मिळतो. निळा पडदा आला तर त्याच्यावरचं शेवटचं नाव आणि आकडा यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. विंडोज ११ मध्ये २०२५ सालापासून हा निळा पडदाही काळा झाला आहे. तेव्हा काळा पडदा दिसला की आधी त्याच्यावर काही लिहिलेलं आहे की काय, ते पाहायला हवं.

१९ जुलै २०२४ चा शुक्रवार आठवतो का? क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीनं आपल्या ग्राहकांना एक सदोष फाईल धाडली, आणि जगभर सुमारे ८५ लाख संगणकांवर निळे पडदे आले. यंत्रं सुरू व्हायची, निळी पडायची, पुन्हा सुरू व्हायची. विमानं खोळंबली, इस्पितळांची कामं अडली. आपल्याकडं काही विमानतळांवर प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्यावर उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जायचं आणि ती एक फाईल काढून टाकायची, बस्स. यंत्रं शाबूत होती, आतली माहिती शाबूत होती. त्या दिवशी घाबरून कुणी डिस्क पुसली असती तर नुकसान पुसणाऱ्यामुळं झालं असतं, बिघाडामुळं नव्हे.

म्हणून फॉरमॅट या शब्दाविषयी शेवटी सांगतो. चित्र ही एक व्यवस्था, साठवण ही दुसरी. ज्या यंत्रावर कंपनीचं नावचिन्हसुद्धा दिसत नाही, त्याला डिस्क पुसून काहीही गुण येणार नाही; डिस्कचा नंबर लागायला अजून वेळ असतो. आणि जे चिन्हापर्यंत येतं, त्याची डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडून फाईली आधी उतरवून घेता येतात. कुलूपबंद डिस्क असेल तर मघाची किल्ली लागेल, इतकंच. हे काम दुकानात होतं. फक्त आपण ते मागायला हवं.

तेव्हा यंत्र दुकानात धाडताना बरोबर एक चिठ्ठी द्या. मॉनिटरवर 'नो सिग्नल' आलं की नाही. शिट्ट्या किती झाल्या. कॅप्स लॉकचा दिवा लागला की नाही. चिन्ह दिसलं की नाही आणि काळोख त्याच्या आधी झाला की नंतर. रॅम पुसून पाहिली की नाही. शेवटचं नीट कधी चाललं आणि त्यानंतर यंत्रात काय बदल केला. एवढं असलं की दुकानदारही अंदाजानं बोलत नाही. आणि चिठ्ठीच्या तळाशी ठळक अक्षरांत लिहा : शाळेला विचारल्याशिवाय डिस्क पुसू नये. खाली मुख्याध्यापकांची सही, शिक्का आणि फोन नंबर.